क्वान-तीचा कौल

कोलकात्याच्या टांग्रातल्या चिनी मंडळाची सभा देवळातच भरायची. सभेला न्युक-ल्यान पहिल्या रांगेत बसायची. बायकांना मत नव्हतं, पण तिला तिथून उठवायची छाती एकाही पुरुषाला नव्हती. मत घरटी एक, तेही कर्त्या पुरुषाचं. तिच्या घरचं मत तिचा टोरांटोतला मुलगा फोनवरून द्यायचा, तेही अध्यक्षांना विचारून. पोटचा होता म्हणून, नाहीतर तिनं त्याचं नावही घेतलं नसतं.

अध्यक्ष ल्याओ फुक-सेन यंदाही बिनविरोध. विरोध करण्याजोगे सगळे कधीच परदेशी गेले होते. उरले होते ते त्याच्या हॉटेलातलं डुक्कर खाऊन ढेकर देणारे.

"देवळामागची खोली मंडळाला हवीय," तो म्हणाला. "एसी बसवू, लग्नं होतील."

आणि जेवणं तुझ्या हॉटेलातून येतील, न्युक-ल्यानच्या मनात आलं.

त्या खोलीत थाम आजी राहायची. नवरा जन्मभर या देवळाचा पहारेकरी. खोली दोघांना तहहयात मिळालेली. म्हातारी दाराशी उभी होती, हातात देवापुढचा झाडू.

"आजीला आश्रमात ठेवू. पण मी कोण ठरवणारा?" फुक-सेननं हात जोडले. "देवालाच विचारू. तो सांगेल ते शेवटचं. कबूल?"

"कबूल!" सगळी डोकी हलली.

लाल तोंडाच्या क्वान-ती देवापुढे तो गुडघ्यावर बसला. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी त्यानं ओंजळीत घेतल्या, एका बाजूला फुगीर पोट, दुसरी बाजू सपाट. एकीचं पोट वर आणि दुसरीचं खाली पडलं तर देवाचा होकार. दोन्ही सारख्या पडल्या तर नाही. लागोपाठ तीन होकार आले की बोलणं खुंटलं.

थप्प. होकार. थप्प. होकार. थप्प.

न्युक-ल्यानचे कान टवकारले. जुन्या कोरी बांबूच्या मुळाच्या. फरशीवर टणाटणा उडायच्या, गिरक्या घ्यायच्या. या ओल्या मोमोसारख्या पडत होत्या, त्याही दर वेळी तशाच.

"भावजी, कोरी बदलल्या?" तिनं शेजारी बसलेल्या दिराला विचारलं. तो मंडळाचा चिटणीस.

"अध्यक्षांनी नव्या आणल्या. आ-सो, वहिनी, तुम्ही गप्प बसा ना."

"तुम्ही बसलायत तेवढं पुरे नाही?"

ती उठली आणि तिनं कोरी उचलल्या. एकीचं पोट जड, दुसरीची सपाट बाजू जड. आत शिसं भरलेलं. देवाच्या तोंडात बोळा कोंबावा तसं.

"आ-सो! बायकांनी कौल लावायचा नसतो!" फुक-सेन ओरडला.

"देवाला चालत नसेल तर नाही म्हणेल की." ती देवापुढे गुडघ्यावर बसली. "बाबा क्वान-ती, हा फुक-सेन चोर आहे का?"

थप्प. होकार.

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"आणि हे खाली माना घालून बसलेत ते त्याचे मिंधे?"

थप्प. होकार.

"थाम आजीनं मरेपर्यंत त्याच खोलीत राहावं?"

एकदा, दोनदा, तीनदा. होकारच होकार.

"हा कौल खोटा!" फुक-सेनचं तोंड देवाहून लाल झालं.

"खोटा? कोरी तुझ्याच. खोट्या असतील तर सांग सगळ्यांना, फोडून बघू. खऱ्या असतील तर देव बोललाय."

त्यानं दिराकडे पाहिलं. दिरानं छताकडे.

"देवाची मर्जी," अखेर फुक-सेन म्हणाला. "पुढचा विषय."

आणि ते खरंच पुढच्या विषयाकडे वळले! दिवाळीतल्या कालीपूजेला नूडल्सचा नैवेद्य कोणाकडून. कोणी म्हणालं नाही की फोडा त्या कोरी. दिरानं त्या लाल रुमालानं पुसून पुन्हा देवापुढे मांडल्या, पुढच्या वर्षासाठी.

थाम आजी तिचा हात धरायला आली. "पोरी, देवानं ऐकलं गं माझं."

"हात नको धरू, आजी," न्युक-ल्यान म्हणाली. "आधी मला साबण दे."