फुकटचा वेग

हरेशला या उद्योगात दीडशे मेगाहर्ट्झ फुकट मिळणार होते. मुरबाडच्या स्टँडवर घेतलेल्या मासिकात तसं छापलं होतं: मदरबोर्डवरचा इवलासा जंपर, म्हणजे पिनांवरचं टोपण, हलवला की तीनशेचा जुना प्रोसेसर साडेचारशेनं पळतो.

त्याच्या बायकोच्या, म्हणजे दर्शनाच्या, बहिणीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं, आणि पत्रिका अजून कॉम्प्युटरातच होत्या.

"आधी पत्रिका निघू द्या, मग पळवा त्याला," दर्शना थकून म्हणाली.

"पळवला तर लवकर नाय का निघणार गो?"

कॉम्प्युटर खरंच पळाला. हरेशनं खुशीत त्याचा डबा बंद केला आणि धूळ बसू नये म्हणून दर्शनानं शिवलेलं झालरीचं कव्हर रोजच्या सवयीनं चालू डब्यावर ओढलं. तीनशेच्या वेगाला ते आजवर सोसलं होतं. साडेचारशेची गरमी मात्र आत कोंडली; वीस मिनिटांत करपल्याचा वास आला आणि स्क्रीन काळी पडली.

"कव्हर जरा जाडच शिवलंस तू," हरेश म्हणाला.

दर्शना पेन शोधायला उठली.

हरेशला वीस मिनिटं वेग मिळाला. दर्शनानं साठ पत्रिका हातानं लिहिल्या, त्यातल्या चौदा हरेशच्या मित्रांच्या.