समासातल्या होड्या

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पाठ उसवली आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत, आणि मला कुठूनही उघडा, मी ‘एम’च्या एकाच पानावर उघडतो. त्याला माझा इलाज नाही. असे का होते, तेच आज सांगतो.

मुंबईच्या छापखान्यातून १९२६ साली मी आगबोटीने मुरुडला आलो. तिथल्या शाळेच्या मार्तंड मास्तरांनी मला कोळीवाड्यातल्या अनंताला बक्षीस दिले. मी मनात म्हटले, झाले, आता माझ्या पानांत बोंबील बांधले जाणार! तेव्हा मी जरा गर्विष्ठच होतो. पण अनंता हात धुतल्याशिवाय मला कधी शिवला नाही.

मास्तर त्याला शब्दांची कुळकथा सांगत. ‘साउंड’ म्हणजे आवाज, धडधाकट, सामुद्रधुनी आणि पाण्याचा ठाव घेणे. वेगवेगळ्या कुळांतले शब्द, अंगरखा मात्र एकच. काही शब्द तर आपल्याच मुलखातून गेलेले. आपली खाट तिकडे ‘कॉट’ झाली, मुंगसाचा ‘मंगूस’ झाला, आणि लूट साहेबाने जशीच्या तशी उचलली. असा शब्द सापडला की अनंता त्याच्या शेजारी, माझ्या समासात, पेन्सिलीने एक छोटी होडी काढी. तिचे तोंड पानाच्या बाहेर असे. ‘ए’पासून त्याने ओळीने सुरुवात केली होती.

संध्याकाळी तो आईला, नीराबाईला, एकेक होडी दाखवी.

“आये, खाट हितनं गेली, कॉट झाली, नि आता आगबोटीतनं माघारी आली.”

“माघारी आली ना? मंग बरा झाला,” नीराबाई हसून म्हणे. तिला अक्षर ओळखता येत नव्हते.

१९३१च्या पावसाळ्यानंतर, एका अमावास्येला, अनंता मामाच्या मचव्यातून सुके मासे घेऊन मुंबईला निघाला. वाटेत वादळाने मचवा उलटला. तुकाराममामा पोहून आला. अनंता आला नाही. तो बुडाला तिथल्या पाण्याचा ठाव कोणी घेतला नाही.

भावकीने सांगितले, देह सापडत नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, नाहीतर पोर अधांतरी राहील. नीराबाई ऐकेना.

“खाट माघारी येते, मंग माजा पोर का न्हाय येनार?”

मला पदराखाली घेऊन ती मास्तरांच्या घरी गेली आणि त्यांच्या मुलीला, कुमुदला म्हणाली, “बाय, दर अवसेला मला एक होडी वाचून दाखव. होड्या सरल्या का क्रिया करीन.”

पाच वर्षे हे चालले. अवसेच्या दुपारी पडवीच्या पायरीवर नीराबाई बसे, कुमुद वाची. कुमुदला वाटे, आपल्या मागे उभे राहून आणखी कोणीतरी वाचते आहे. त्या दुपारी माझी पाने ओली होत. समुद्राकाठची हवा खारी असते, हे मलाही कळते. पण ओल नेमकी होड्यांखालीच का धरे, ते मला अजून सांगता येत नाही. मला फार भीती वाटायची, मित्रांनो.

१९३६मध्ये ‘मंगूस’ आला. त्या अवसेनंतर कुमुदने पुढची पाने चाळली. समास कोरे होते. नीराबाईला हे कसे सांगायचे? कुमुदने पेन्सिल घेतली आणि ‘पंच’ या शब्दाशेजारी स्वतःच एक होडी काढली. पाच जिनसांचे ते पेय, म्हणून आपल्या ‘पाच’वरून त्याचे नाव पडले, असे मास्तर सांगत. मला ओरडावेसे वाटले, पण कोशाला तोंड कुठले!

पुढच्या अवसेला कुमुदने तो शब्द वाचला. नीराबाईने होडीवर बोट ठेवले.

“ही कोनी काढली?”

“अनंतानेच.”

“न्हाय बाय. हिची डोलकाठी मागं झुकलीय. आपल्या मचव्याची फुडं झुकते. कोल्याचा पोर झोपेत बी अशी काढनार न्हाय.”

कुमुद रडू लागली.

“रडू नको. तुजी माया कलते मला. पन तो फुडं आलाच न्हाय. मुंगसापाशीच थांबला.”

मग तिने ते पान उघडायला लावले आणि पेन्सिल मागितली. जन्मात तिने पेन्सिल धरली नव्हती. ती मुठीत धरून तिने अनंताच्या शेवटच्या होडीशेजारी दुसरी होडी काढली. डोलकाठी पुढे झुकलेली, तोंड घराकडे.

“आता माघारी ये, बाला,” ती म्हणाली, “नि मंग जा.”

दुसऱ्या दिवशी दर्भाचा पुतळा केला आणि क्रिया झाली. माझे बाकीचे समास तेव्हापासून कोरडे आहेत. ते एक पान मात्र भर वैशाखातही ओले लागते, आणि मी दर वेळी तिथेच उघडतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुने पुस्तक रद्दीत घालण्याआधी त्याचे समास एकदा पाहा. तिथल्या पेन्सिलीच्या खुणा रबराने पुसू नका. कोणीतरी तिथपर्यंत वाचत आलेले असते.