सोबत : बाटली एक

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. पालिकेच्या दप्तरी मात्र मी कागद आहे. माझ्या पोटावर आवक क्रमांकाचा शिक्का आहे आणि गेली साडेतीन वर्षं मी आरोग्य विभागाच्या लोखंडी कपाटात उभी आहे. बसायची सोय बाटल्यांना नसते.

मूळची मी सरबताची. सरबत संपल्यावर भाईंदर पूर्वेच्या मनोरमाबाईंनी मला घासूनपुसून फ्रिजमध्ये ठेवलं. "पाणी काय गार आहे हो!" असं पाहुणे म्हणत. खरं तर ते फ्रिजचं कौतुक. पण मी आपलं ठेवून घेतलं.

१९९१च्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला घाण वास येऊ लागला. सोसायटीची लाईन उघड्या गटारातून गेली होती, ती कुठेतरी फुटली. महिन्याभरात चौघांना कावीळ झाली. चौथे बाईंचे यजमान, हरिश्चंद्रराव. बाईंनी नळाचं पाणी माझ्यात भरलं, बूच घट्ट लावलं आणि तक्रारअर्ज लिहिला. त्याखाली लिहिलं, 'सोबत : बाटली एक.'

तिथेच चुकलं.

दत्ताराम कारकुनाने अर्जावर शिक्का मारला, माझ्यावरही मारला आणि मला कपाटात कोंडलं. पुढच्या सोमवारी बाई आल्या.

"पाणी तपासायला पाठवलंत का?"

"कसं पाठवणार, ताई? बाटली सहपत्र आहे, अर्जाला जोडलेली. सहपत्र अर्जापासून वेगळं करता येत नाही. अर्ज निकाली निघाला की लगेच पाठवतो."

"आणि अर्ज कधी निकाली निघणार?"

"पाणी तपासून आलं की."

दत्ताराम वाईट नव्हता. त्याला यात काही विचित्र दिसतच नव्हतं.

बाई दर सोमवारी येत. "पाच झाले, दत्ताराम." मग, "सहा झाले. खालच्या मजल्यावरची नीलम, सातवा महिना आहे तिला." माझ्या पोटातलं पाणी काळं पडत चाललं होतं. पुरावा माझ्यापाशी होता आणि तोंडाला बूच होतं.

चौथ्या सोमवारी बाईंचे डोळे भरून आले. भाईंदर गावातला विठू शिपाई चहाचे कप उचलत पुटपुटला, "बाटली बसली त कोनाचा काय अडत न्हाय, ताय. मानूस बसला का अडते."

बाईंनी डोळे पुसले. कोरा कागद मागून घेतला, उभ्याउभ्या दुसरा अर्ज लिहिला. दत्तारामने सवयीने आधी शिक्का मारला आणि मग वाचलं : 'सोबत : अर्जदार एक.'

तोवर बाई माझ्या कपाटाशी स्टूल ओढून बसल्या होत्या. पिशवीतली गवार काढून मोडू लागल्या.

"ताई, हे काय?"

"सहपत्र."

"अहो, घरी जा की!"

"अर्जापासून वेगळं करता येतं का?"

साडेपाच वाजले. सहपत्र आत ठेवून कुलूप लावावं तर पंचाईत, बाहेर काढावं तर नियमभंग. मुख्याधिकारी आले. त्यांनी फायल पाहिली, बाईंकडे पाहिलं, गवारीकडे पाहिलं आणि पाणीखात्याला फोन लावला. आठ वाजता ओव्हरसियर गंजलेल्या पाइपचा तुकडा घेऊन हजर झाला. लाईन बंद झाली, टँकर आला, आठवड्यात नवी लाईन पडली. सातवा रुग्ण झाला नाही. नीलमला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हरिश्चंद्रराव तेवढे अजून तळलेल्याला तोंड लावत नाहीत.

लाईन बंद झाली त्याच रात्री बाईंचा अर्ज निकाली निघाला. सही करून त्या मोकळ्या झाल्या. जाताना म्हणाल्या, "माझी बाटली द्या."

"ताई, निकाली निघाला तो दुसरा अर्ज," दत्ताराम हळूच म्हणाला. "बाटली पहिल्याची."

पहिला अजून प्रलंबित आहे. पाणी तपासून यायचंय ना!

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी मोठेपणी टेबलामागे बसेल. शिक्का उचलण्याआधी हातात काय आलंय ते एकदा उजेडात धरून बघा. कागद थांबतो, पाणी थांबत नाही, ते सडतं. आणि कधी या कपाटाशी आलात, तर माझं बूच तेवढं काढा. पाणी ओतून द्या. पिऊ मात्र नका.