डावी चाके मातीत

मी एक जुनी, लाल, दोन दारांची गाडी आहे. लाल म्हणजे कागदोपत्री लाल. क्वीन्सलँडच्या उन्हाने माझा टप केव्हाच गुलाबी करून टाकला आहे. मित्रांनो, माझ्या जन्माबद्दल मला फारसे आठवत नाही. तुम्हालाही तुमच्या जन्माबद्दल आठवत नसेलच. कारखान्यातून बाहेर पडताना कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून "पळेल ही" म्हणाले होते, एवढे मात्र पक्के लक्षात आहे. त्या एका कौतुकावर मी आजवर पळते आहे.

लोकरीला चांगला भाव आला त्या वर्षी नोरीनने मला घरी आणले. तिच्या नवऱ्याला, लेसला, मेंढ्यांच्या गोठ्यावर नवे पत्रे हवे होते. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मागच्या इवल्याशा जागेत डोके घातले.

"नोरीन, यात मेंढी कुठे बसणार?"

"बसणारच नाही. म्हणून तर घेतलीय."

गोठा आणखी तीन पावसाळे गळला. लेस मात्र दर रविवारी मला स्वतःच्या हाताने धूत असे, आणि कोणी पाहिले तर बादली मागे लपवत असे.

आमच्या घरापासून कॅलूमा गावापर्यंतचा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. मधे डांबराची पट्टी, दोन्ही अंगांना तांबडी माती. समोरून गाडी आली की दोघांनीही डावी चाके मातीत उतरवायची आणि डांबर अर्धे अर्धे वाटून घ्यायचे. मागे तीन डबे जोडलेला गुरांचा ट्रक आला, तर तो काही वाटून घेत नाही. त्याच्यासाठी सगळीच्या सगळी गाडी खाली उतरवायची. आणि जवळून जाताना स्टिअरिंगवरचे एक बोट वर करायचे. अख्खा हात हलवतात ते पाहुणे.

या रस्त्याने नोरीन दर गुरुवारी हिरवळीवर बोल्स, म्हणजे गोळे घरंगळवण्याचा खेळ, खेळायला गावात जाते. लेस गेला, मेंढ्या विकल्या, तरी गुरुवार सुटला नाही. लाल रंग दिसला की समोरच्या काचेमागे बोट वर झालेच म्हणून समजा. हे मानाचे बोट माझ्यासाठी असते, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते.

मग नोरीनची मान आखडली. ती पुढे झकास बघते, मागे वळत नाही. मला मागे घेताना तिने आधी पाण्याची टाकी ठोकली, मग फाटकाचा खांब, आणि नाताळात चर्चच्या दारात खुद्द पाद्रीबाबांची गाडी. पाद्रीबाबांनी मोठ्या मनाने क्षमा केली. पण ही बातमी ब्रिस्बेनला तिच्या मुलीच्या, टेगनच्या कानावर गेली.

टेगन पुढच्याच आठवड्यात दाखल झाली. "आई, एक तर सगळ्या सोयींची नवी गाडी घे, नाहीतर माझ्याकडे राहायला चल."

"तुझ्याकडे? पाचव्या मजल्यावर? तिथे गुरुवारी मी काय करू, लिफ्टमध्ये वरखाली?"

"थट्टा नकोय. पुढच्या वेळी मागे पाद्रीबाबा स्वतः उभे असतील."

यावर नोरीन नवी गाडी बघायला तयार झाली. मलाही तिची बाजू घेता येईना, कारण माझ्या मागच्या बाजूला डोळे नाहीत. नुसता पोचा आहे.

गावात विक्रीला आली होती माझ्याच घराण्यातली, या वर्षीची नवी गाडी. विक्रेता ब्रॉडी गळ्यातला टाय सावरत तिचे गुण सांगू लागला. दिवे गेल्या वर्षीपेक्षा बारीक. पडदा गेल्या वर्षीपेक्षा मोठा. रंगाचे नाव 'वादळापूर्वी'.

"म्हणजे राखाडी," नोरीन म्हणाली. "आणि इंजिन?"

"इंजिन तेच आहे, नोरीनबाई. पण आवाज नवा. हे बटण दाबलं की स्पीकरमधून गुरगुरते."

मी तेव्हा बाहेर उभी होते. मित्रांनो, गुरगुरण्यासाठी मला कधी स्पीकर लागला नाही. पण हे सांगायला मला कोणी विचारले नाही.

"डोळ्यांवर झापड आली तर ही ओळखते," ब्रॉडी पुढे म्हणाला. "पडद्यावर कॉफीचा कप दाखवते."

"दाखवते? देत नाही?"

"नाही."

"मग चिडवतेच म्हण की."

"रस्त्यावरचा आपला पट्टा सोडायला लागलात तर आपण होऊन आत वळवते. समोर काही आलं तर ब्रेक लावते. मागे काही असलं तरी लावते. आणि ही जुनी आम्ही बदल्यात घेऊ."

"तिचं काय करता मग?"

"सुटे भाग."

दोनच शब्द. माझे इंजिन बंद होते, तरी मी थरथरले.

चालवून पाहायला नोरीन आमच्याच रस्त्याला लागली. ब्रॉडी तिच्या शेजारी. टेगन मला घेऊन मागे. पुढच्या गाडीतले बोलणे मला नंतर कळले, कारण नव्या गाड्या भारी बोलघेवड्या असतात.

पहिलीच मालवाहू गाडी समोरून आली. राखाडी गाडीकडे पाहून चालकाने ढिम्म बोट उचलले नाही. मागे मी दिसताच उचलले. टेगनने हसून अख्खा हात हलवला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आणि मग समोर धुळीचा डोंगर दिसला. गुरांचा ट्रक, मागे तीन डबे.

नोरीनने सवयीने डावीकडे घेतले. चाक कडेला लागताच गाडी टुंगटुंगली आणि स्टिअरिंग आपण होऊन पुन्हा डांबराकडे वळू लागले. समोर ट्रक मोठा होत होता.

"अगं सोड!" नोरीन गाडीला म्हणाली.

"ती मदत करतेय!" ब्रॉडी ओरडला.

"कुणाला? ट्रकला?"

तिने दोन्ही हातांनी जोर लावला. गाडीने हट्ट सोडला, चारही चाके मातीत गेली आणि ट्रक खडे उडवत बाजूने निघून गेला. ब्रॉडीचा रंगही वादळापूर्वीचा झाला होता.

आता माझी हकिकत ऐका. टेगन पंचवीस वर्षे शहरात चालवते. तिने मला मातीत उतरवले खरे, पण उशिरा आणि एकदम. मला ना टुंगटुंगता येते, ना हट्ट करता येतो. मी मुकाट्याने घसरत गेले आणि कडेच्या चरात नाक खुपसून बसले. मदत न करण्यात मी किती पारंगत आहे, ते मला त्या दिवशी समजले.

नोरीनने ते आरशात पाहिले आणि घाईघाईने गाडी मागे घ्यायला लागली. टेगन धडपडत बाहेर पडून आईकडेच धावत होती. नोरीनची मान वळली नाही. ट्रकच्या धुळीत आता आरशातही काही दिसेना. आणि राखाडी गाडीने आपण होऊन करकचून ब्रेक लावला. टेगन तिच्या मागच्या दिव्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

मग नोरीन उतरली. तिने आधी मुलीचा चेहरा चाचपला, मग राखाडी गाडीच्या टपावर थाप मारली. अगदी कारखान्यात मला मिळाली होती तशीच थाप, मित्रांनो. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी चरातून सगळे पाहिले होते, आणि मी त्या जागी असते तर थांबले नसते.

"घेते ही," नोरीन म्हणाली. "ब्रॉडी, ते पट्ट्याचं बंद करायचं बटण दाखव. मागचं राहू दे, जन्मभर राहू दे."

"आणि जुनी बदल्यात..."

"जुनी मी घेते," टेगन म्हणाली. "आई, मला मातीत उतरायला शिकव."

"लहानपणी शिकवत होते तर म्हणालीस, मी शहरात जाणार."

"गेले की. आता परत येऊन विचारतेय."

मला दोर लावून वर ओढले, आणि ओढले कोणी, तर राखाडी गाडीने. नात्यात उपकार घ्यावे लागतात.

मी टेगनची झाले, पण राहते नोरीनच्याच अंगणात. आता महिन्याच्या एका शनिवारी टेगन येते आणि मला घेऊन रस्त्यावर सराव करते. नोरीन शेजारी बसून टुंगटुंगते. गुरुवारी राखाडी गाडीत नोरीनला सुरुवातीला कोणी ओळखत नसे. मग तीच आधी बोट वर करू लागली. आता सगळे करतात. म्हणजे ते बोट माझ्यासाठी नव्हतेच. हे कळले तेव्हा दोन दिवस माझी बॅटरी उतरली होती.

मित्रांनो, आपली जुनी गाडी जपा. तिचे तेल बघा, चाकांतली हवा बघा, पोच्यांना हसू नका. नव्या गाडीचेही ऐका, पण कुठे ऐकायचे नाही ते चालवणाऱ्याने ठरवा. आणि तुमच्या घरात कुणाची मान वळत नसेल, तर थोडे मागे तुम्ही बघा.

गेल्या शनिवारी टेगन पहिल्यांदा एकटी मला घेऊन गावाकडे निघाली. समोरून राखाडी गाडी आली. टेगनने वेळेत, हळूच, माझी डावी चाके मातीत उतरवली. समोरचीनेही उतरवली. डांबर अर्धे अर्धे झाले. काचेमागे नोरीनचे एक बोट वर झाले.

टेगननेही एकच बोट वर केले. बाकीचा हात स्टिअरिंगवर होता.