क्लचवरचं जाड रबर

सिग्नलला गाडी उभी राहिली की गिअरच्या मुठीवर कोरलेले आकडे धूसर होत. गाडीने वेग धरला की ते पुन्हा रेखीव दिसू लागत. हर्षालीने हे कितीदा तरी पाहिलं होतं आणि दर वेळी दोष स्वतःच्या डोळ्यांना दिला होता. पायाला तर तो आधीच देऊन झाला होता. क्लचवर ठेवलेल्या डाव्या तळव्याला मुंग्या येत, त्या पोटरीपर्यंत चढत.

"अगं, गाडी मख्खन आहे," तिचा नवरा शेखर म्हणायचा. "तू शुगर तपास. आणि असल्या पायाने पेठचा घाट चढणार?"

पेठच्या कॉलेजने तिला भौतिकशास्त्राचं विभागप्रमुखपद देऊ केलं होतं. गंगापूर रोडवरच्या घरून रोज गाडीने जाऊन-येऊन करता आलं असतं. शेखरला ते नको होतं, पण नको असं तो कधी म्हणाला नाही. तो फक्त पायाची चौकशी करायचा. शुगर नॉर्मल आली. मग पायात सुया टोचून नसांची तपासणी झाली. तीही ठीक निघाली, तेव्हा शेखर हसून म्हणाला, "मग मनाचंच असेल." हर्षालीने पेठकडे आणखी मुदत मागितली. वर्गात कंपनं शिकवणाऱ्या बाईने सगळी तपासणी स्वतःची करून घेतली होती. गाडीची एकदाही नाही.

त्या सकाळी मात्र तिने पार्किंगमध्ये इंजिन चालू केलं, गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढला आणि उघड्या दाराशी उकिडवी बसून क्लचच्या पेडलवर तळहात टेकवला. हातालाही मुंग्या आल्या. एसी लावला, थरथर वाढली. दुसऱ्या हाताने अॅक्सिलरेटर दाबला, आवाज चढला आणि थरथर विरली. सोडला, पुन्हा आली. चाकं तर जागची हलली नव्हती. म्हणजे टायर नाही, रस्ता नाही. इंजिनच आपल्या बैठकीवर, माउंटिंगवर, धड बसलेलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तिला पहिल्यांदाच दिसली. ब्रेकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. क्लचवरचं नवं, जाड आणि मऊ होतं.

ती तशीच सातपूरला रंगनाथच्या गॅरेजात गेली. त्याने बॉनेट उघडलं आणि तिला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितलं. इंजिन एका अंगाने वर उचललं गेलं.

"माउंटिंग तुटलंय ना?" तिने विचारलं.

"तुटलंच आहे की. मागच्या सर्व्हिसिंगला सरांना दाखवलं होतं. ते म्हणले, एवढ्यात नको, मॅडमचा पाय नाजूक आहे, क्लचला जाड रबर टाक." तो हसला. "मी म्हणलं, सर, पेशंट इंजिन आणि पट्टी पेडलला! लय हसले सर."

हर्षाली हसली नाही. "बदला."

"सरांना एक फोन करू का?"

"गाडी कोण चालवतं, रंगनाथ?"

"तुम्हीच, मॅडम."

"मग बदला. आणि ते रबर काढून मला द्या."

संध्याकाळी शेखर चहा घेत बसला होता. तिने ते रबर त्याच्या बशीशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"माझ्या पायाचं औषध."

त्याने कप खाली ठेवला. "अगं, गॅरेजवाले काहीही काढतात. म्हटलं, काय घाई आहे..."

"मला सुया टोचत होते तेव्हा तू बाहेर बाकावर बसला होतास. तुला माहीत होतं."

"तुझ्या काळजीपोटीच ना! रोजचा तो घाट. सरळ नाही म्हटलं असतं तर भांडली असतीस."

"भांडले असते. हरलेही असते कदाचित. पण स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला नसता माझा."

"बरं, चुकलं. झाली ना आता गाडी नीट? जा की रोज, कोण अडवतंय?"

हर्षालीने रबर उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात धुतले.

"पेठला मी होकार कळवतेय," ती म्हणाली. "आणि जाऊन-येऊन करणार नाही, शेखर. तिथेच राहणार आहे."