पिवळ्या रेघा

दाजी खरे तर फक्त मेहुण्याचे दाजी. पण मेहुण्याच्या गॅरेजात रविवारी सकाळी गाड्यांवर गप्पा छाटायला जमणारी सगळी टोळीच त्यांना दाजी म्हणायची. दाजींच्या वडिलांची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. ती दाजींनी आणि मेहुण्याने मिळून पुन्हा रस्त्यावर आणली. वडील गेले, पण त्यांच्या इंजिनाचा आवाज राहिला, एवढंच दाजींचं सुख. आता माणसाने एवढंही सुख मागू नये की काय!

त्या रविवारीही वाद पेटलाच. पेटवणारे नेहमीचेच, दातांचे डॉक्टर.

"दाजी, बॉडी ठेवा, इंजिन नवं बसवा. हे म्हातारं एक दिवस भर रस्त्यात मान टाकणार."

"वर्षभर घाट चढतंय! कधी तापलं? कधी बंद पडलं? माझ्या वडिलांचं इंजिन आहे ते, डॉक्टर. तुमची कवळी नव्हे, आज बसवली नि उद्या सैल!"

सगळे हसले. मेहुणा जरा जास्तच मोठ्याने हसला.

"तेल गळत असणार, पैज लावतो," डॉक्टर म्हणाले.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघा की!" एरवी मेहुणाच उघडायचा ते बॉनेट दाजींनी उघडलं.

मेहुणा धावला. "राहू द्या दाजी, गरम आहे." पण ऐकतील ते दाजी कसले! टॉर्च घेऊन पार आत वाकले.

तेलाचा टिपूस नव्हता. दाजी जिंकले होते. पण ते वर उठेनात.

इंजिन जोडताना एकेक बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची. पुढे बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. या इंजिनावरच्या सगळ्या रेघा दाजींनी स्वतः मारल्या होत्या. दाजी डावखुरे, त्यांची रेघ कायम डावीकडे कलायची. आता समोरच्या रेघा तशाच पिवळ्या, जागच्या जागी, पण एकजात उजवीकडे कललेल्या.

"हे इंजिन कुणाचं?" दाजींनी विचारलं.

मेहुण्याने हात पुसायला फडकं घेतलं. हात स्वच्छच होते. "तुम्ही ऑपरेशनला दवाखान्यात होता ना, तेव्हा मी गाडी शर्यतीला नेली. इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा गेला. तसलंच दुसरं आणून बसवलं. तुम्ही खचला असता हो…"

"आणि बाबांचं?"

"भंगारात दिलं."

दाजींनी टोळीकडे पाहिलं. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! वर्षभर टाळ्या देत होते लेकाचे! डॉक्टर तेवढे आ वासून उभे होते. ज्याच्याशी उभा दावा मांडला, नेमका तोच माणूस सरळ निघाला.

"तुझ्या ताईला माहीत आहे?"

मेहुणा खाली मान घालून पुटपुटला, "तीच म्हणाली, सांगू नकोस."

दर रविवारी दार उघडताना ती विचारायची, "काय म्हणतंय बाबांचं इंजिन?" आणि दाजी बूटही न काढता, लहान मुलासारखे सांगत सुटायचे.

त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली.

"डॉक्टर, मला जरा सोडता का?"

"चला की. घरीच ना?"

"घरी नको," दाजी म्हणाले.