राहिलेला उत्तररंग

तिरुमलरावांनी खुर्चीच्या हातावर धरलेला ताल मध्येच सोडला. पडद्यावर नायिकेचा बाप इस्पितळात डोळे मिटून पडला होता आणि ती दारातच कंबर हलवत, उभ्या म्हैसुराला पाठ असलेलं लग्नातलं गाणं म्हणू लागली होती. मागून तीन नर्सही नाचत आल्या.

"अय्यो," शेजारी बसलेली नात सहना पुटपुटली आणि खुर्चीत आणखी खाली सरकली.

एका नावाजलेल्या बँडची नऊ गाणी घेऊन त्यांच्याभोवती हा सिनेमा रचला होता. सहनाला नऊही तोंडपाठ. घराबाहेर न पडणाऱ्या अज्जाला तिनं आज ओढूनच आणलं होतं. संध्याकाळी मंदिराचं काम बघणाऱ्या अनंतकृष्णांना उत्तर द्यायचं होतं. अग्रहारातल्या राममंदिराची रामनवमीची पत्रिका छापायला जायची होती आणि कीर्तनकाराच्या नावाची जागा अजून कोरी होती.

दोन वर्षांपूर्वी त्याच मंदिरात तिरुमलरावांचा पूर्वरंग असा रंगला होता की समया विझायच्या विसरल्या असत्या. मध्यंतरात कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला. आणि उत्तररंगाला उभे राहिले तर चाळीस वर्षं सांगितलेलं शबरीचं आख्यान, पण तिचं नावसुद्धा ओठांवर येईना. त्यांनी रामरायाला हात जोडले, हार उतरवून पायाशी ठेवला आणि खाली बसले. तेव्हापासून चिपळ्या कपाटात होत्या.

मध्यंतराचे दिवे लागले.

"सॉरी अज्जा. एवढं बोर असेल वाटलं नव्हतं. जाऊया का घरी?"

"कशाला? पदं झकास आहेत की गं." त्यांनी तिच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा आपल्या मांडीवर घेतला. "कथेनं मात्र एकालाही बोलावलेलं नाही. पंगतीत आगंतुक घुसावेत तशी येऊन बसलीत बिचारी."

पलीकडच्या खुर्चीतली बाई हसली. मराठी कानावर पडल्यावर तिला राहवेना.

"मी अवनी. आम्ही नाशिकचे, नोकरीसाठी इथं आलो. काका, मग ते नाचाचं गाणं कुठं हवं होतं?"

"बोलून भागेना, की गावं. त्याच्या आधी नाही." तिरुमलराव खुर्चीच्या कडेला सरकले. "आता बघा. पोरगी बापाशी भांडून गेली. का? तर तो तिच्या लग्नाला आला नाही. आज तो असा पडलाय. तिनं माफी मागितली, रागावली, रडली, पाय चेपले. डोळे उघडत नाही. शब्द संपले. मग राहिलं काय तिच्यापाशी?"

सहना सावरून बसली.

"तेच गाणं. ज्या लग्नाला बाप आला नाही, त्या लग्नातलं. पण हळू."

आणि ते गाऊ लागले. डब्यावर बोटांनी ठेका, चाल तीच, पण लय पाळणागीताची. पुढच्या रांगेतली डोकी वळली. मराठी त्यांना कळलं नव्हतं, गाणं मात्र त्यांचंच होतं. दुसऱ्या ओळीला चार आवाज मिळाले, तिसऱ्या ओळीला सगळी रांग. तिरुमलराव थांबले, त्यांच्याकडे पाहून कन्नडकडे वळले आणि भुवया उंचावून सांगू लागले, की चादरीखाली म्हाताऱ्याचा अंगठा हलला. तालावर हलला. पोरीनं अजून पाहिलं नाही, बरं का.

रांगेतलं कुणीतरी हळूच "अय्यो पाप", अरेरे बिचारा, म्हणालं.

तेवढ्यात दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

"काका, अर्धंच राहिलं की," अवनी कुजबुजली.

"उरलेलं रामनवमीला." अंधारात तिरुमलरावांचा आवाज अजून त्याच भरात होता. "अग्रहारात, राममंदिरात. सहाला या. तिथं याहून बरी कथा आहे."

सहनाचा पॉपकॉर्नकडे गेलेला हात तसाच राहिला. मग तिनं मोबाईल ओढणीखाली धरला आणि अनंतकृष्णांचं नाव शोधलं. अज्जाकडे न बघता तिनं विचारलं,

"आख्यान कुठलं लिहू?"

"शबरीचं."

पडद्यावर नायिका पुन्हा विनाकारण नाचू लागली होती. तिरुमलरावांनी डबा सारखा केला आणि खुशाल ठेका धरला.